मिलू, तू जायला तयार नव्हतास

मिलू,

तू असा भांडत जाशील असं मला वाटलं नव्हतं.

नाकाला ऑक्सिजन लावलेला, बोलताना धाप लागत होती, तरी राऊंडला आलेल्या डॉक्टरांना तू विचारायचास, "सर, नवीन काही औषध आलंय का?" ते तुझ्या पायावर हात ठेवून पुढच्या खाटेकडे गेले की तू माझ्याकडे बघायचास. मी त्यांना परत बोलावून आणावं, असं. मी गेलेही एकदा त्यांच्या मागे, जिन्यापर्यंत. ते म्हणाले, "बाई, मी काही लपवून ठेवलेलं नाही हो." मी परत आले आणि तुला सांगितलं, बघतो म्हणालेत. तू डोळे मिटलेस. तुला कळलं होतं.

आता घरी माणसं येतात. चटईवर टेकतात, चहा घेतात आणि आईला म्हणतात, "सुटला हो बिचारा." आई मान हलवते. मला ओरडून सांगावंसं वाटतं, नाही सुटला. त्याला सुटायचंच नव्हतं.

आणि हाच तू एकेकाळी जायला तयार बसला होतास.

तुझ्या दोन्ही किडन्या कामातून गेल्या असं पहिल्यांदा कळलं तो दिवस आठवतो? बावीस वर्षांचा होतास. लहानपणापासून सकाळी उठलास की तुझा चेहरा सुजलेला असायचा आणि आपण तुला हसायचो, "उठले बघा गालोबा." मुंबईच्या त्या इस्पितळात डॉक्टरांनी सगळं समजावून सांगितलं. मशीनवर रक्त धुवावं लागेल, आठवड्यातून दोनदा. पाणी मोजून प्यायचं, मीठ बंद. बाहेर बाकावर आई पदर तोंडात घालून रडत होती आणि तू फाटकाबाहेर जाऊन वडापाव घेऊन आलास. वर मिठातली मिरची. "उद्यापासून बंदच आहे ना, आज खाऊन घेतो." खाताना म्हणालास, "भाईंदरसारख्या मिठागरांच्या गावात राहून मीठ बंद. मजा आहे."

त्या रात्री नाही, पुढे दोन-तीन दिवसांनी तू आईला समोर बसवलंस. "आई, मी गेलो तर रडायचं नाही. माझी शपथ आहे. एक पोरगं सुटलं म्हणायचं." आणि खरोखरच एकेक वस्तू वाटून टाकायला लागलास. बॅट शेजारच्यांना, चांगले दोन शर्ट मामांच्या मुलाला, मनगटावरचं घड्याळ माझ्या नवऱ्याला. ते म्हणाले, "अरे, मग तुला वेळ कशी कळणार?" तू म्हणालास, "भावोजी, मला वेळ कळून काय करायचंय?"

सगळी चाळ म्हणायची, पोरगा किती धीराचा. पार पलीकडच्या मोरवा गावापर्यंत तुझं नाव झालं होतं. मलाही वाटायचं, बाबासाहेबांच्या फोटोखाली बसून वाचत असतो, मनानं मोठा झालाय. तो धीर नव्हता, मिलू. बिऱ्हाड हलवून झालेल्या खोलीत आवाज घुमतो ना, तसा तू झाला होतास. आत काही ठेवलंच नव्हतंस, मग जायला भीती कसली?

तेव्हाच मी म्हटलं होतं, माझी किडनी घे. रक्तगट एक होता, डॉक्टरही तपासणी करू म्हणत होते. यांच्याशी बोलले होते. हे म्हणाले, "शरीर तुझं आहे. फक्त पोरांना काय सांगायचं ते आधी ठरवू." एवढं सगळं ठरवून तुझ्याकडे आले, तर तू हसलास.

"कशाला, ताई? जगायला माणसाला काहीतरी लागतं. माझ्याकडे आहे काय? उगाच एक धडधाकट बाई कापायची."

"मी आहे ना. आई आहे."

"तुम्ही आहातच. मी कुठं नाही म्हणतोय."

त्यावरून आपण किती भांडलो. मी आठ दिवस तुझ्याशी बोलले नाही. कामावर, स्टीलच्या कारखान्याच्या गाळ्यात भांडी पॅक करताना ताटात माझंच रडवं तोंड दिसायचं आणि मी ताट उलटं करून ठेवायचे. तू मात्र शांत. डायलिसिसच्या खुर्चीत चार तास घोरायचास.

स्टेशनजवळच्या त्या एसटीडी बूथवर शेठनं तुला बसवलं, कारण बसूनच काम होतं. कुवेतची लढाई सुरू झाली तेव्हा तू तिथेच होतास. उत्तनच्या, काशीगावच्या, कुठल्या कुठल्या बायका रांग लावायच्या. कोणाचा नवरा तिकडे, कोणाचा मुलगा. लाइनी सगळ्या बंद पडलेल्या. आठवड्याभरात रांग ओसरली. एक मुलगी मात्र येत राहिली. कपड्यांच्या कारखान्यात शिलाईला होती, जेवणाच्या सुट्टीत डबा तसाच हातात घेऊन यायची. उत्तनची, कोळ्याची पोर, रेजिना. भाऊ तिकडे मेकॅनिक.

घरी येऊन तू वैतागून सांगायचास, "एक वेडी आहे, ताई. मी सांगतो लाइन बंद आहे, उद्यापण लागणार नाही. तर म्हणते, तुला काय ठाऊक उद्याचं? लाव."

"मग?"

"मग काय, लावतो. लागत नाही. ती बघते, जाते. परत उद्या."

एक दिवस तू तिला बोललास. हे तू मला खूप नंतर, लाजत सांगितलंस. तू म्हणालास, "समज नाहीच लागला कधी. माणसं मरतात. त्यात एवढं काय?" तिनं डब्याचं झाकण घट्ट केलं आणि म्हणाली, "मरणाऱ्याचं काय न्हाय रे. तो जातो. वाट बघणारा हिथंच असतो." आणि निघून गेली.

दुसऱ्या दिवशी आली नाही. तिसऱ्याही. आणि मिलू, तू कारखान्याची दुपारची सुट्टी झाली की तिच्या भावाचा नंबर फिरवत बसायचास. गिऱ्हाईक नाही, मागणारं कोणी नाही. शेठ विचारायचा, "किसको लगा रहा है?" तू म्हणायचास, "लाइन चेक कर रहा हूं." त्या दिवसांत घरी येऊन तू मला एक प्रश्न विचारलास, जो आधी कधीच विचारला नव्हतास. "ताई, मी मशीनवर असतो तेव्हा तू बाहेर काय करतेस?"

मी म्हटलं, "वाट बघते."

तू ताटातला भात नुसता चिवडत राहिलास.

मग ती आली. धावत आली, फोन करायला नाही, सांगायला. "आला! आला रे आंतोन! विमानानं आणला त्यांना!" शेठसमोर, गिऱ्हाइकांसमोर तिनं तुझा हात धरला आणि दचकून सोडला. तो तुझा मशीनचा हात होता. डायलिसिससाठी नस जोडलेली, तिथे कातडीखाली सतत गुणगुणल्यासारखं लागायचं. आम्हाला सवय झाली होती.

"ह्ये काय हाय? आत काय फिरतंय?"

तू तिला तिथेच सगळं सांगितलंस. किडनीचं, मशीनचं, पाण्याचं. तुला वाटलं असणार, आता जाईल. तिनं वाकून तुझ्या हाताला कान लावला. बराच वेळ. "मोटार हाय तुझ्यात," म्हणाली. शेठनं तोंड फिरवून रस्त्याकडे बघितलं, असं तू म्हणालास.

त्यानंतरचे तुझे दिवस मी बघितलेत. तू भावोजींकडे घड्याळ परत मागायला आलास. उत्तनच्या बसची वेळ चुकते म्हणून. त्यांनी काही न विचारता काढून दिलं आणि तू गेल्यावर तोंडावर टॉवेल घेऊन हसले. मी मात्र हसले नाही. मला वाटायचं, चार दिवसांची दया आहे पोरीची, संपली की हा मोडेल. तुला तसं म्हटलंही. तू म्हणालास, "दया करणारी माणसं मला माहीत आहेत, ताई. ती माझ्यासमोर पाणी पीत नाहीत. ही माझ्यासमोर ग्लासभर पिते आणि म्हणते, तुझं पण मीच पिते, आण."

आणि तू घाबरायला लागलास. मशीनवर झोप येईनाशी झाली. सिस्टरला विचारायचास, ही सुई नीट बसलीय ना, हा आवाज असाच येतो ना. एका दुपारी ओट्याशी उभा राहून म्हणालास, "ताई, मला मरायची भीती वाटतेय. आधी नव्हती. हे काय झालं?" मी तुला जवळ घेतलं आणि खरं सांगते, मला आनंद झाला. तू रडत होतास आणि मला वाटत होतं, आला. पोरगा परत आला.

पुढे एकदा रेजिनानं बोंबील पाठवले होते. मी विळीवर बसून साफ करत होते. तू दारात. आत येईनास, बाहेर जाईनास.

"ताई, ती... अजून देशील का?"

"काय?"

"किडनी."

माझे दोन्ही हात माशांच्या पाण्यानं भरलेले. मी म्हटलं, "आत्ता काढून देऊ? विळी आहे समोर." तू हसलास, मी हसले, मग मला हसता हसता असं रडू कोसळलं की आई बाहेरून धावत आली, हात कापला की काय म्हणून.

तिची आई आपल्याकडे आली तेही आठवतं. तोपर्यंत चाळीत धर्मावरून कुजबुज सुरू झाली होती. आपण बौद्ध, ते ख्रिस्ती, कसं व्हायचं. त्या बाईनं धर्माचं नावसुद्धा घेतलं नाही. कपातला चहा संपवला आणि आईला म्हणाली, "पोर चांगला हाय तुमचा. पण मी माझी पोर विधवा व्हायला न्हाय वाढवली." तिच्या जागी आई असती तर तीही हेच बोलली असती. आधीचा तू असतास तर म्हणाला असतास, बरोबर आहे तुमचं. तू तिच्यासमोर खाली बसलास. "मावशी, मीपण तिला विधवा करायला नाही निघालो. मी ऑपरेशन करतोय." तिनं तुझ्याकडे नीट बघितलं, पहिल्यांदाच. "मंग आदी ते कर. मंग बघू."

ऑपरेशननंतर मला शुद्ध आली तेव्हा कुशीत आग लागल्यासारखं दुखत होतं. एक सिस्टर येऊन हसत म्हणाली, "तुमच्या भावानं निरोप दिलाय. लघवी झाली म्हणे. भरपूर झाली." असला निरोप ऐकून जगात कोणती बहीण रडली असेल? मी रडले. मग काही दिवसांनी तुला पाणी प्यायची परवानगी मिळाली. आपल्या भाईंदरला टँकरच्या मागे हंडे घेऊन धावायची वेळ, आणि तू तांब्यावर तांब्या पीत होतास. रेजिना ओतत होती आणि मोठमोठ्यानं म्हणत होती, "पी! पी रे! समुद्र आणून देते तुला!"

मग तुमचं लग्न. कचेरीत सह्या, आपल्याकडे बुद्धमूर्तीसमोर वंदना, दुपारी उत्तनला जेवण. कोणी कोणाला बदलायला सांगितलं नाही. आंतोननं तुला कुवेतहून वाचवून आणलेलं एकुलतं एक चांगलं जाकीट घातलं आणि भर उन्हात तू ते काढायला तयार नव्हतास.

जेमतेम चार वर्षं, मिलू. पण तू ती किती जगलास. गर्दीत जायची बंदी, तोंडाला फडकं, मूठभर गोळ्या, तरी तू होड्या लागायच्या वेळी किनाऱ्यावर जाऊन बसायचास. तिच्या आईबरोबर मासळीचे भाव बोलायचास. "हाय", "न्हाय" करायला लागलास, आणि आपली आई वैतागायची, "शुद्ध बोल रे, शाळा शिकलायस ना!" तुम्ही दोघं भांडायचातही कडाक्यानं. एकदा ती चिडून माझ्याकडे आली होती, तू गोळी घ्यायची विसरलास म्हणून. विसरलास म्हणून नाही, विसरून हसलास म्हणून. "ह्याला वाटते ह्याचा जीव ह्याचा एकट्याचा हाय," असं म्हणाली. मी तिला भाकरी वाढली. मनात म्हटलं, बाई गं, हे मला इतकी वर्षं त्याला सांगता आलं नाही.

मागच्या पावसाळ्यानंतर तुझे पाय परत सुजले. शरीरानं माझी किडनी नाकारायला सुरुवात केलीय, असं डॉक्टर म्हणाले. नाकारायला हा शब्द मला फार लागला. मला उगाच वाटत राहिलं, माझ्यात काय कमी होतं? परत मशीन आलं. मग छातीत संसर्ग झाला आणि तो उतरेचना.

एका दुपारी वॉर्डात तू म्हणालास, "ताई, सॉरी. तुझी वस्तू मला नीट सांभाळता आली नाही."

मी म्हटलं, "गप पड."

एवढंच म्हटलं. त्या दिवसापासून उत्तर मनात तयार होतंय आणि आता ऐकायला तू नाहीस. मिलू, ती तुला सांभाळायला दिलीच नव्हती रे. वापरायला दिली होती. आणि तू ती वापरलीस. पाणी प्यायलास, बायकोशी भांडलास, उन्हात जाकीट घालून मिरवलास. माझ्या पोटात ती नुसती पडून होती.

आणखी एक तू विचारलं होतंस. "मी पहिल्यांदाच हो म्हटलं असतं तर जास्त जगलो असतो का?" मी म्हटलं, झोप. पण मी डॉक्टरांना विचारलंय. ते म्हणाले, असं सांगता येत नाही. मी घरी येऊन स्वतःशी वाद घालत बसते. कधी वाटतं, त्या एका वर्षाच्या हट्टानं तुला मारलं. तुझ्यावर इतकी चिडते की तुझ्या फोटोकडे पाठ करून बसते. मग वाटतं, तेव्हा तू हो म्हणाला असतास तर ते माझं मन राखायला. आणि ते शरीराला कळलं असतं का, कोण जाणे. हा वाद मिटणार नाही. तू समोर असतास तर निदान दोघांनी घातला असता.

तू गेलास तेव्हा सकाळ होती. खिडकीतून ऊन तुझ्या चादरीवर आलं होतं. रेजिना तुझा तो हात धरून बसली होती, बोटं त्या नसेवर. मी दूध गाळत होते. खाटेजवळच्या मॉनिटरवर अजून आकडे दिसत होते, सिस्टर दुसऱ्या खाटेशी होती. रेजिना माझ्याकडे न बघता म्हणाली, "ताई, बंद झाली." मला आधी कळलंच नाही काय बंद झाली. मग तिनं तुझ्या हाताला कान लावला, आणि तो उचलेचना.

तुला अग्नी दिला तेव्हा भावोजी माझ्याकडे बघत होते. त्यांच्या मनात काय आलं ते मला कळलं. माझ्यातलंही काहीतरी तिथे होतं. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि काढला नाही.

तू गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला भंतेजी गाथा म्हणत होते. रेजिना पांढरी साडी नेसून आईला टेकून बसली होती आणि तिचे ओठ हलत होते. तिची प्रार्थना होती की आपली, मी विचारलं नाही. तिची आई तिला न्यायला आली होती. आपल्या आईनं हात जोडले, पण ती काही माफी मागायच्या आत त्या बाईनं तिचे हात धरून खाली केले. "नको," म्हणाली. "चार वर्सं माझी पोर हसली." रेजिना तिच्याबरोबर गेली नाही. थोडी थांबते म्हणाली. ती अजून इथेच आहे.

मिलू, एक काम तू माझ्याकडे देऊन गेलायस. ती औषध आणायला खाली गेली होती तेव्हा तू मला जवळ बोलावलंस. दम लागत होता म्हणून तुकड्या-तुकड्यानं बोललास.

"ताई, ती तरुण आहे. तिला सांग, लग्न कर म्हणावं. माझ्याकडून सांग."

मी मान हलवली. तू डोळे मिटलेस. मला वाटलं, झालं बोलून. मग तू परत डोळे उघडलेस, आणि लहानपणी खाऊ लपवताना सापडलास की जसं बघायचास तसं बघितलंस.

"पण लगेच नको हं. थोडे दिवस रडू दे तिला माझ्यासाठी." मग आणखी थोडं थांबून, "तूपण. आईलापण सांग, शपथ सोडवली म्हणून."

आईला मी त्याच दिवशी सांगितलं. ती तेव्हापासून रडतेय, मोकळी होऊन.

रेजिनाला अजून सांगितलेलं नाही. दोनदा ठरवून गेले. काल ती मागच्या पडवीत तुझे शर्ट धूत होती. स्वच्छ होते, तरी धूत होती. मी जवळ जाऊन उभी राहिले. तिनं वर बघितलं, "काय गं, ताई?" मी म्हटलं, काही नाही, पिळायला धरू का? एक टोक तिनं धरलं, एक मी.

सांगेन रे. तुझा निरोप आहे, ठेवून घेणार नाही. पण थोडे दिवस म्हणजे किती, ते तू सांगून गेला नाहीस. मी रोज तिच्या तोंडाकडे बघते, आणि रोज मला वाटतं, अजून नाही झाले.

तुझी,
ताई